फाडलेलं दुसरं पान

स्मारांदाने तिबेरियूला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो एकवीस पुरुषांसमोर तिचा पाणउतारा करत होता, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

ती दहा मिनिटं उशिरा आली होती. फेब्रुवारी संपता संपता प्लोएश्त शहरात जे पडतं – धड पाऊस नाही, धड बर्फ नाही – ते तिच्या केसांत, कॉलरमध्ये, बुटांत शिरलं होतं. ट्राम मध्येच बंद पडली होती. आणि मुळात तिला इथे यायचंच नव्हतं! ‘सेफ्टी व्हॉल्व्ह आणि दाबमुक्ती यंत्रणेची रचना : इंजिनिअरांसाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण.’ बाकीचे हौसेने नाव घालून आले होते. तिच्या नावापुढे मात्र मोठ्या साहेबांनी, ओप्रिशान यांनी, स्वतःच्या पेनाने ‘सक्तीचं’ असं लिहिलं होतं. नऊ वर्षं रिफायनरीत काढलेल्या बाईला पुन्हा बाकावर बसवलं होतं.

तिने हळूच दार ढकललं. समोर पडद्यावर एक हाताने लिहिलेला कागद भलामोठा करून लावला होता आणि त्याच्यापुढे शर्टाच्या बाह्या दुमडलेला, कानावर पेन खोचलेला एक उंच माणूस रंगात येऊन बोलत होता.

“तर मंडळी, हे गृहस्थ बघा. ‘जे’ आकाराचा व्हॉल्व्ह पुरला असता. यांनी निवडला ‘एल’. दोन आकार मोठा! लहान पोराला बूट घेतात ना तसा... असू दे, पाय वाढेल!”

वर्ग खो खो हसला. स्मारांदाने कागदाकडे नीट पाहिलं. नाव काळ्या शाईने खोडलं होतं. पण सातच्या आकड्यावरची ती आडवी रेघ, कोपऱ्यातला कॉफीच्या कपाचा तो गोल डाग... तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“पाय वाढेल म्हणून नव्हता घेतला,” ती दारातूनच म्हणाली. “गोदामात तोच पडून होता म्हणून घेतला.”

तो वळला. “तुम्हाला कसं माहीत?”

“कारण ते गृहस्थ मी आहे.”

हसू जिथल्या तिथे विरलं. कुणीतरी खुर्ची सरकवली, ती उगाचच करकरली. तिबेरियूच्या कानावरचं पेन खाली पडलं आणि ते उचलायला तो वाकला तो जरा जास्तच वेळ वाकलेला राहिला. स्मारांदा ओला कोट न काढता सरळ पहिल्या रांगेत जाऊन बसली. “चालू द्या,” ती म्हणाली. “बूट कुठपर्यंत आले होते?”

सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणजे कुकरच्या शिट्टीचा थोरला भाऊ. टाकीतला दाब हाताबाहेर गेला की हा आपणहून उघडतो, वाफ बाहेर सोडतो आणि टाकी फुटत नाही. तो लहान पडला तर काय होईल हे कुणालाही कळतं. पण फार मोठा घेतला तरी घात होतो. तो एकदम सताड उघडतो, दाब झपकन उतरतो, आपटून बंद होतो, लगेच पुन्हा उघडतो... एका सेकंदात कितीतरी वेळा. त्या आपटण्याने बोल्ट सैल होतात, जोड सुटतो. चार वर्षांपूर्वी इथे नेमकं तसंच झालं होतं, आणि तेव्हापासून स्मारांदाचा सहीचा अधिकार गेला होता. दुसऱ्यांची ड्रॉइंगं क्रमवार लावून ठेवायची, एवढंच काम उरलं होतं. या प्रशिक्षणात पास झाली तर अधिकार परत मिळणार होता. तो तिला हवा होता. फार हवा होता.

मधल्या सुटीत तिबेरियू दोन कप घेऊन तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

“मॅडम, मी...”

“माफी मागणार असाल तर आधी कॉफी प्या. ती थंड होते. माझं डोकं होत नाही.”

“तो कागद चौकशीच्या फाइलमधून बुखारेस्टला आमच्याकडे आला. इथला आहे हे खरंच माहीत नव्हतं मला.”

“आणि दुसऱ्या गावचा असता तर हसायला हरकत नव्हती?”

“नसती... असं मला आज सकाळपर्यंत वाटत होतं. दोन वर्षं मी सात शहरांत हसवलंय त्या कागदावर.”

स्मारांदाला त्याचा आणखीनच राग आला. खोटं बोलला असता तर भांडणं किती सोपं गेलं असतं!

“आणखी एक सांगून ठेवते. माझ्या रागाला सेफ्टी व्हॉल्व्ह लावायला हवा वगैरे विनोद करायचा नाही. इथल्या प्रत्येक इंजिनिअरने तो करून झालाय.”

त्याने उघडलेलं तोंड मिटलं.

“करणारच होतात ना?”

“अगदी ओठांवर होता,” तो म्हणाला. त्याचे डोळे हिरवट होते आणि हसू आवरताना ते बारीक व्हायचे. हे आपल्या लक्षात का आलं, याचाही तिला राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावरून तो कागद गायब होता. त्याजागी कुठल्याशा परदेशी पुस्तकातली गुळगुळीत आकृती होती. स्मारांदाने हात वर केला.

“कालचा कागद कुठाय?”

“काढला मी. तुम्हाला त्रास नको म्हणून...”

“मला त्रास होतो म्हणून या एकवीस जणांनी चूक शिकायची नाही? वा रे न्याय! हसणं काढा, कागद ठेवा.”

तिबेरियूने मुकाट्याने कागद परत लावला. त्या दिवशी त्याने ओळ अन् ओळ शिकवली, आणि कुणी हसलं नाही. शिकवताना दर दोन वाक्यांनी तो तिच्याकडे बघत होता, बरोबर ना असं विचारल्यासारखा. तीन ठिकाणी तिने त्याला टोकलं. तिसऱ्या वेळी त्याने खडूच तिच्या हातात दिला. बोटं चुकून लागली... दोघांनीही ती जरा घाईनेच मागे घेतली.

दुपारी सगळा वर्ग रिफायनरीच्या वर्कशॉपमध्ये गेला. तिथे व्हॉल्व्ह तपासायचं काम ग्रिगोरे यांच्याकडे होतं. साठीला टेकलेला, मिशा तंबाखूने पिवळ्या झालेला माणूस. सगळे त्यांना नेआ ग्रिगोरे म्हणायचे. नेआ म्हणजे तिथला काका.

“पोरी, हाच का तुला गृहस्थ म्हणणारा?” त्यांनी अख्ख्या वर्कशॉपला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं.

“हाच, नेआ.”

“दिसायला बरा आहे की!”

एकवीस जण छताकडे बघू लागले. स्मारांदाचे कान लाल झाले. तिबेरियूने घसा खाकरला आणि व्हॉल्व्ह तपासणीच्या टेबलावर चढवायला सांगितलं. दाब चढत गेला, काटा सरकत गेला, आणि फाडकन आवाज करत व्हॉल्व्ह उघडला. स्मारांदा जागची हलली नाही. तिबेरियूने मात्र दचकून तिची बाही धरली होती.

“इतकी वर्षं हेच शिकवताय ना?” तिने बाहीकडे बघत विचारलं.

“कागदावर आवाज येत नाही हो,” तो ओशाळून म्हणाला. बाही सोडायला त्याला दोन क्षण लागले.

मग नेआ ग्रिगोरेंनी व्हॉल्व्हच्या टोपणातून बारीक तार ओवली, पीळ दिला, टोकाला शिशाचा मणी अडकवला आणि पकडीने दाबला. कट्ट! “झालं सील. आता हे तोडल्याशिवाय कुणाला आत हात घालता येणार नाही,” ते म्हणाले. “आणि तोडलं तर कळतं.”

तिबेरियूने त्यांना काहीतरी विचारलं. उत्तर आलं नाही. त्याने पुन्हा विचारलं. स्मारांदाने पुढे होऊन नेआंना खांद्याला धरून वळवलं. “उजव्या बाजूने बोला. डावा कान गेलाय.”

“कधी?”

“चार वर्षं झाली. तुमच्या पडद्यावरच्या त्या ‘एल’ आकाराने घेतला. जोड सुटला तेव्हा नेआ तिथे जिन्यावर होते.”

तिबेरियूच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. सात शहरांतलं हसणं त्याला एकदम ऐकू आलं असावं. पुढे वर्ग सुटेपर्यंत तो कामापुरतंच बोलला.

संध्याकाळी तो ट्रामच्या थांब्यापर्यंत तिच्यासोबत आला. तिने बोलावलं नव्हतं, नकोही म्हटलं नव्हतं. वरून ते तसलंच पडत होतं, न पाऊस न बर्फ. त्याच्याकडे एक छत्री होती आणि कागदात गुंडाळलेले दोन कोवरिगी होते, भट्टीतून नुकतेच काढलेले, वर जाड मीठ भुरभुरलेले गोल पाव. एक त्याने तिच्या हातात दिला.

“एक विचारू?” तो म्हणाला. “तुमची आकडेमोड मी दोन वर्षं बघतोय. शेवटच्या चार ओळींपर्यंत एकही चूक नाही. सगळं ‘जे’ आकाराकडे चाललंय आणि अचानक शेवटी ‘एल’. का?”

तिने पावाचा एक तुकडा तोडला, पण खाल्ला नाही.

“दोन पानं होती. दुसऱ्या पानावर मी लिहिलं होतं, ‘एल’ बसवू नये, आपटेल, जोड सुटेल. शुक्रवार होता. सोमवारी युनिट सुरू व्हायचं होतं. ओप्रिशान म्हणाले, दोन पानं कशाला? एक उत्तर पुरे. मोठा आहे, लहान तर नाही.”

“मग त्यांनी ते पान...”

“त्यांनी नाही! मी. मी फाडलं.” ती म्हणाली. “त्यांनी नुसतं सांगितलं आणि मी या हातांनी फाडलं. सगळ्यांना वाटतं माझा साहेबांवर राग आहे. साहेब गेले खड्ड्यात! मला माझा राग येतो. नेआ रोज मला पोरी म्हणून हाक मारतात. एकदा, एकदा तरी त्यांनी शिव्या द्याव्यात मला...”

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिबेरियूने तिची समजूत घातली नाही. ‘तुमची काय चूक’ असंही म्हणाला नाही. छत्री तिच्या बाजूला जास्त कलली आणि त्याचा स्वतःचा खांदा भिजू लागला.

“तुमचा ‘जे’ आकार बरोबर होता,” एवढंच तो म्हणाला.

“माहीत आहे मला!”

“हो. आणि... रडा तुम्ही, पण पावावर नको. त्यावर मीठ आधीच आहे.”

रागाच्या भरात तिला हसू फुटलं. नाक पुसत, हसत, त्याला मनातल्या मनात चार शिव्या देत ती ट्राममध्ये चढली. काचेतून पाहिलं तर तो अजून तिथेच उभा होता आणि छत्री अजूनही रिकाम्या जागेवर धरलेली होती.

तिसरा दिवस म्हणजे एक मार्च. त्या दिवशी तिथले पुरुष बायकांना मर्तिशोर देतात. लाल आणि पांढरा दोरा एकत्र पिळलेला, टोकाला इवलंसं काहीतरी, पान नाहीतर किडा. तो छातीवर टाचून महिनाभर मिरवायचा आणि महिना सरला की झाडाच्या फांदीला बांधायचा. वर्गात बाई एकच. नऊ वाजेपर्यंत स्मारांदाच्या कोटावर एकवीस दोरे लटकले होते.

तिबेरियूने दिला नाही.

परीक्षेचे पेपर वाटताना त्याने तिच्याकडे पाहिलं, दोऱ्यांकडे पाहिलं, खिशात हात घातला... आणि रिकामा बाहेर काढला. नको तर नको! स्मारांदाने इतक्या जोराने लिहिलं की पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं. जगात इतकी माणसं असताना याच्या एका दोऱ्यासाठी आपण धुसफुसतोय, या विचाराने ती आणखी धुसफुसली. पेपर मात्र पैकीच्या पैकी सुटला.

दुपारी समारोपाला ओप्रिशान साहेब स्वतः आले. करड्या सुटातले, अत्तर लावलेले, नेहमी घाईत असलेले. नेआ ग्रिगोरेंनाही तिबेरियूने आभार मानायला बोलावलं होतं. ते वर्कशॉपच्या कपड्यांतच मागच्या रांगेत उजवा कान पुढे करून बसले होते.

“अभिनंदन, स्मारांदा,” साहेबांनी प्रमाणपत्र दिलं. “सहीचा अधिकार आजपासून परत. आणि ही घे, पहिली सही.” त्याच फोल्डरमधून त्यांनी एक कागद काढला. “चार नंबरच्या स्तंभाचा नवा व्हॉल्व्ह. सोमवारी सुरू करतोय.”

तिने कागद वाचला. तेल उकळून वेगवेगळं करायच्या त्या उंच टाकीला पुन्हा दोन आकार मोठा व्हॉल्व्ह.

“हा चालणार नाही, साहेब.”

“योग्य आकाराचा यायला सहा आठवडे लागतील. हा गोदामात आहे. मोठा आहे, लहान तर नाही.”

तेच शब्द! चार वर्षांत साहेबांना नवं वाक्यसुद्धा सुचलं नव्हतं. सही केली नाही तर अधिकार संध्याकाळपर्यंत पुन्हा जाणार, आणि या वेळी कायमचा, हे तिला स्वच्छ दिसत होतं. तिने मागे पाहिलं. नेआ मिशी चावत होते.

“कागद अपुरा आहे,” ती म्हणाली. “मला एक कोरं पान द्या.”

ती लिहायला बसली. वर्गात फक्त तिच्या पेनाची खरखर ऐकू येत होती. साहेबांनी तीनदा घड्याळ पाहिलं. पान भरल्यावर तिने शेवटी मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘हा व्हॉल्व्ह बसवू नये’, आणि खाली सही ठोकली. चार वर्षांनंतरची पहिली सही. मग साहेबांच्या पानावर आडवं लिहिलं, ‘दुसरं पान वाचल्याशिवाय हे पान वापरू नये.’

“दोन पानं कशाला?” साहेब दातओठ खात म्हणाले. “दे इकडे. दुसरं मी सवडीने बघतो.” मग ते तिबेरियूकडे वळले आणि त्यांचा आवाज एकदम लोण्यासारखा मऊ झाला. “प्रशिक्षक साहेब, तुम्ही तरी सांगा हिला. पुढच्या वर्षीचे पाच वर्ग तुम्हालाच द्यायचेत आम्हाला.”

सगळ्यांच्या माना तिबेरियूकडे वळल्या. स्मारांदाची वळली नाही. तिला बघायची भीती वाटत होती... तो हसून काहीतरी गोड बोलला तर? दोन आकार म्हणजे काय फार, असं म्हणाला तर?

तो पुढे आला, दुसरं पान उचललं आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बोट ठेवून वाचलं.

“मी यांना शिकवायला आलो होतो, साहेब,” तो म्हणाला. “पहिल्याच दिवशी उलटं झालं.”

कानावरचं पेन काढून त्याने तिच्या सहीखाली आपली सही केली. मग खिशात हात घातला. या वेळी तो रिकामा बाहेर आला नाही. लाल-पांढरा दोरा होता, टोकाला पितळेचा इवलासा पाना, बोल्ट आवळायचा असतो ना, तसला. दोन्ही पानांना फाइलसाठी पाडलेली भोकं जुळवून त्याने त्यांतून दोरा ओवला आणि गाठ मारली. गाठ पक्की बसली.

तेवढ्यात मागची खुर्ची सरकली. नेआ ग्रिगोरे पुढे आले. त्यांनी खिशातून शिशाचा मणी काढला, गाठीवर बसवला आणि पकडीने दाबला. कट्ट!

“आता तोडल्याशिवाय पान निघणार नाही,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “आणि तोडलं तर कळतं.” मग स्मारांदाकडे वळून, जमेल तितक्या हळू आवाजात, म्हणजे तरीही सगळ्यांना ऐकू गेलंच, म्हणाले, “चार वर्षं लावलीस, गाढवे.”

स्मारांदाला आयुष्यात इतकी गोड शिवी कुणी दिली नव्हती.

“पोरखेळ आहे हा!” साहेबांनी फाइल काखोटीला मारली आणि दार आपटून गेले. अर्ध्या तासाने त्यांच्या सेक्रेटरीचा खाली फोन आला. सोमवार रद्द, योग्य आकाराचा व्हॉल्व्ह मागवा. एकवीस साक्षीदारांसमोर सील झालेलं पान फाडायची छाती कुणाची होणार!

बाहेर ते तसलंच पडत होतं. थांब्यावर दोघंच होते, एका छत्रीखाली.

“तुमचे पाच वर्ग गेले,” ती म्हणाली.

“गेले.”

“आणि वर तोंड करून हसताय!”

“तुम्ही रागावलात की छान दिसता, त्याला मी काय करू?”

“रागावू नको तर काय करू? एकवीस जणांचे दोरे माझ्या कोटावर आणि तुझा साहेबांच्या कपाटात! सकाळपासून वाट बघतेय मी. खिशात ठेवून काय अंडी उबवत होतास?”

ती थांबली. तोंडून ‘तू’ निघून गेलं हे तिच्याही लक्षात आलं आणि त्याच्याही. शब्द परत घ्यायचा विचार दोघांनीही केला नाही.

“पहिल्याच संध्याकाळी घेतला होता,” तो म्हणाला. “माफी म्हणून. दुसऱ्या दिवशी वाटलं, माफी म्हणून द्यायचा नाहीये... आणि मग द्यायचं धाडसच होईना. तू... तू फार आवडतेस मला, स्मारांदा.”

तिने छत्रीच्या दांड्याकडे बघत विचारलं, “किती दिवस राहील तो तिथे?”

“काल शिकवला की नियम. झोपली होतीस?”

“रागात होते.”

“तो स्तंभ जोवर उभा आहे तोवर ती पानं जपून ठेवावी लागतात. बाकीचे एकवीस महिनाअखेर झाडाला बांधशील. माझा राहील तीस वर्षं. कदाचित चाळीस.”

“चाळीस वर्षं!” ती म्हणाली. “म्हणजे चाळीस वर्षं मी तुझ्यावर रागावून राहायचं?”

“जमेल?”

ट्राम आली, थांबली, दारं उघडली. स्मारांदाने त्याची बाही घट्ट धरली. वर्कशॉपमध्ये त्याने तिची धरली होती तशीच. मात्र ती दचकली नव्हती, आणि सोडणारही नव्हती.

“जमेल,” ती म्हणाली. “छत्री सरळ धर. तुझा खांदा भिजतोय.”